एका दिवसाची सफाई नको, वर्षानुवर्षं टिकणारं काम हवं: शेजाऱ्यांनी मिळून ते कसं करायचं

एखाद्या रविवारी पन्नास माणसं जमतात, झाडू-फावडी येतात, दोन तासात जागा लख्ख होते, फोटो निघतात, सगळे खूश होऊन घरी जातात, आणि दीड महिन्यानी तिथूनच जावं तर परत तोच ढीग, तोच वास. आमच्या गल्लीच्या मागच्या पट्ट्यात हे मी तीनदा बघितलंय. चौथ्या वेळी मात्र जागा टिकली, आज चार वर्षं झाली तरी टिकून आहे, आणि पहिल्या तीन वेळा काय चुकलं आणि चौथ्यांदा काय जमलं हे नीट सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. थोडक्यात सांगायचं तर पहिल्या दिवसाची काळजी करू नका, त्या दिवशी माणसं येतातच. चाळिसाव्या दिवशी कोण काय करणार आहे ते पहिल्या दिवसाच्या आधी ठरलेलं पाहिजे, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

दर वेळी एक प्रश्न येतोच, तो आधी घेते. "हे तर सरकारचं काम आहे, आपण कर भरतो की." बरोबर आहे. पाईपलाईन, रस्ता, दवाखाना, शाळा हे सरकारनेच करायचं आणि ते करून घ्यायला आपण मागे लागायचं, ते सोडायचं नाहीच. पण काही गोष्टी अशा असतात की त्या सरकारच्या हाताला लागतच नाहीत. १९९५ च्या जुलैमध्ये अमेरिकेत शिकागोला उष्णतेची लाट आली, ७०० हून जास्त माणसं गेली, त्यात दार-खिडक्या बंद करून एकटी बसलेली म्हातारी माणसं खूप होती. नंतर अभ्यास झाला तेव्हा दिसलं की एकमेकीला लागून असलेल्या, दोन्ही गरीबच अशा दोन वस्त्यांमध्येसुद्धा मृत्यूंच्या प्रमाणात मोठा फरक होता. जिथे रस्त्यावर वर्दळ होती, दुकानं चालू होती, लोकांचं बाहेर येणं-जाणं होतं, तिथे कमी माणसं दगावली. समोरच्या आजी दोन दिवस दिसल्या नाहीत हे कुठल्याही ऑफिसला कळत नाही, ते शेजारच्या दारातल्या माणसालाच कळतं.

काम छोटं निवडा, आणि आधी नुसतं बघा

"आपला परिसर सुधारूया" हे काम नाही, ती इच्छा आहे. काम म्हणजे "या कोपऱ्यातला दिवा", "या गटारीतला गाळ", "तळमजल्यावरच्या तीन एकट्या म्हाताऱ्यांची रोज एकदा चौकशी". निवडताना मी स्वतःला दोन गोष्टी विचारते. एक, तीन आठवड्यात रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसाला फरक दिसेल का? कारण पहिला फरक दिसला की माणसं स्वतःहून येतात, नाही दिसला तर आलेलीही जातात. दुसरी, यातलं निम्मं तरी काम कुणाच्या परवानगीशिवाय, कुणाच्या सहीशिवाय आपण करू शकतो का? सगळंच परवानगीवर अडलेलं असेल तर ते दुसरं-तिसरं काम म्हणून ठेवा, पहिलं नको.

काम ठरलं की लगेच झाडू उचलायचा नाही. आठवडाभर नुसतं बघायचं आणि लिहायचं. हे सगळ्यात कंटाळवाणं वाटतं आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडतं, म्हणून इथे जरा थांबते. पहिल्या तीन वेळा आम्ही धरूनच चाललो होतो की लोकांना शिस्त नाही, म्हणून बोर्ड लावले, "कचरा टाकू नये", मोठ्या लाल अक्षरात. चौथ्या वेळी आमच्यातले एक रिटायर्ड काका म्हणाले, मी सात दिवस गॅलरीत बसतो आणि कोण कधी टाकतं ते लिहितो, नावं नाही लिहिणार, फक्त वेळ. सातव्या दिवशी त्यांनी वही उघडली तर जवळजवळ सगळ्या खुणा सकाळी साडेसहा ते साडेसातमध्ये, आणि कचरागाडी यायची साडेनवाला. म्हणजे जी घरं सकाळी सातला कुलूप लावून कामाला जातात त्यांच्या हातात पिशवी असते आणि ती द्यायला कोणी नसतं. त्यांना रात्रभर घरात वास नको असतो, मग जाता जाता मागच्या पट्ट्यात. शिस्तीचा प्रश्न नव्हताच हो, वेळेचा होता. त्यावर बोर्डाचा काय उपयोग! झाकणाचा एक मोठा ड्रम गेटच्या आत ठेवला, सातला जाणारे त्यात पिशवी टाकणार, दिवसभर घरी असणाऱ्या चार घरांपैकी एकाने पाळीने तो साडेनवाला बाहेर काढायचा. झालं. ढीग नव्वद टक्के तिथेच संपला असं मी डोळ्यांच्या अंदाजाने सांगते.

मोठ्या कामातही हेच दिसतं. एस्टोनिया हा तेरा-चौदा लाख वस्तीचा देश. तिथे ३ मे २००८ ला साधारण ५०,००० लोकांनी एका दिवसात जंगलात आणि रस्त्याकडेला टाकलेला सुमारे १०,००० टन कचरा उचलला. ऐकताना तो एक दिवसच डोळ्यासमोर येतो. पण त्याच्या आधी कित्येक महिने स्वयंसेवक फिरून मोबाईलवर प्रत्येक ढिगाचं ठिकाण आणि फोटो नोंदवत होते, १०,००० हून जास्त ठिकाणांचा नकाशा तयार होता, त्यामुळे त्या दिवशी कुठल्या गटाने कुठे जायचं हा गोंधळच झाला नाही. कुठलीही मोजणी चालते. आमच्याकडे एका ताईंनी गटारीतला गाळ काठीने मोजला, काठीवर खडूने खूण करायच्या, टेप लावायच्या आणि आकडा तारखेसकट लिहायच्या. पुढे अर्ज करताना त्या आकड्यांनी जे काम केलं ते आमच्या कुठल्याही भाषणाने केलं नसतं.

माणसं: मेसेजने नाही, दारात जाऊन

ग्रुपवर मेसेज टाकला की अंगठे येतात. आमच्या पहिल्या मिटिंगला ३१ अंगठे आले होते आणि प्रत्यक्ष माणसं आली सहा. लोक खोटं बोलतात असं नाही, अंगठा म्हणजे "चांगलं आहे, करा" इतकाच त्याचा अर्थ असतो, तो आपण "मी येतो" असा वाचतो.

म्हणून दारात जा. संध्याकाळची वेळ बरी, जेवणाच्या आधीची, दहा मिनिटांपेक्षा जास्त बसू नका. गेल्या गेल्या आपलं काम सांगू नका, आधी विचारा, "तुम्हाला इथे सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?" आणि खरंच ऐका, लिहून घ्या, समोर लिहून घेतलं की माणसाला वाटतं याला हे गांभीर्याने घ्यायचंय. दुसरं विचारायचं ते त्याहून महत्त्वाचं, "तुम्हाला काय चांगलं येतं?" कुणी वायरमन असतो, कुणाला अर्ज झकास लिहिता येतो, एखाद्या आजींना गल्लीतल्या प्रत्येक घराचा चाळीस वर्षांचा इतिहास माहीत असतो, एखादा पोरगा नकाशा काढतो. आपल्याकडे काय नाही याची यादी सगळ्यांकडे तयार असते, काय आहे याची यादी कुणी केलेलीच नसते आणि ती केली की अर्धं बळ तिथेच दिसतं.

मागताना नेमकं मागा. "मदत कराल का?" याला सगळे हो म्हणतात आणि पुढे काही होत नाही. "काका, शनिवारी सकाळी सात ते आठ पाण्याचा पाईप धरायला याल का?" याला माणूस विचार करून हो किंवा नाही म्हणतो, आणि तो हो पक्का असतो. नाही म्हणाला तर राग धरू नका, पुढच्या महिन्यात दुसरं काहीतरी मागा. आणि ज्यांच्याबद्दल तक्रार आहे त्यांच्या घरीही जाच, सगळ्यात आधी जा. सकाळी पिशवी टाकून जाणाऱ्या घरांना आम्ही मिटिंगला बोलावलं नसतं तर ड्रम कुठे ठेवायचा हे आम्ही आमच्या सोयीने ठरवलं असतं, आणि तो त्यांच्या वाटेवर नसता.

गाभ्याला पाच ते सात माणसं पुरतात. एकाच घरातली, एकाच वयाची, एकाच जातीची किंवा एकाच पार्टीची नकोत, कारण मग बाकीचे म्हणतात हे "त्यांचं" काम आहे. आणि बायकांना फक्त चहापाण्याच्या वेळी आठवू नका. गल्लीत दिवसभर काय चालतं ते बहुतेक वेळा त्यांनाच जास्त माहीत असतं, निर्णयाच्या वेळी त्या समोर पाहिजेत, आणि त्यासाठी मिटिंगची वेळ त्यांना जमेल अशी पाहिजे.

पहिली मिटिंग

एक तास. घड्याळ लावून. कुणाच्या घरात नको, जिन्यात, अंगणात, शाळेच्या वर्गात, म्हणजे "अमक्याच्या घरी ठरलं" असं होत नाही. खुर्च्या गोल मांडा, समोर टेबल टाकलं की टेबलामागचा माणूस आपोआप साहेब होतो.

आमच्या त्या सहा जणांच्या मिटिंगमध्ये पहिली वीस मिनिटं नुसती कुरकुर झाली, ते ऑफिस असं, ते नेते तसे, आणि ती होऊ द्यायची, माणसांच्या मनात साठलेलं असतं. मग त्या काकांनी खिशातून वही काढली, काही न बोलता मधल्या खुर्चीवर उघडी ठेवली, वेळांच्या खुणांचं ते पान. सगळे वाकून बघायला लागले, कुणीतरी म्हणालं, "अरे, हे तर सगळं सातच्या आतलं आहे," आणि तिथून बोलणं बदललं, कुणाची चूक यावरून काय करायचं यावर आलं. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते की पहिल्या मिटिंगला मत घेऊन जाऊ नका, कागद घेऊन जा.

मिटिंग संपताना तीनच गोष्टी लिहिलेल्या पाहिजेत: कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत. बाकी चर्चेचं इतिवृत्त नाही लिहिलं तरी चालेल.

निर्णय मतदानाने घ्यायचे की एकमताने? माझं मत एकमताच्या बाजूने आहे, निदान छोट्या गटात. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा गाव "आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणण्यासाठी ओळखलं जातं, तिथे ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीने होतात, बहुमताने नाही, आणि निर्णयाच्या आधी अभ्यासगटात तो विषय समजून घेतला जातो. वेळ लागतो. पण मतदानात चार विरुद्ध तीन झालं की ते तीन जण उद्यापासून येणार नाहीत, आणि सात माणसांच्या कामात तीन माणसं म्हणजे जवळपास निम्मं काम. एकमत होत नसेल तर "महिनाभर करून बघू, मग परत बसू" हा तोडगा बहुतेक वेळा चालतो.

"कोणीतरी करेल" याचा बंदोबस्त

फ्रान्समधले शेती-इंजिनिअर मॅक्स रिंगेलमान यांनी माणसांना दोरी ओढायला लावून जोर मोजला होता, त्यांचं काम १९१३ मध्ये छापून आलं. एकटा माणूस पूर्ण जोर लावतो, पण आठ जण एकत्र ओढायला लागले की प्रत्येकाचा जोर जवळपास निम्म्यावर येतो. म्हणजे आठ जण मिळून चार जणांइतकंच ओढतात. यात काही भाग एकाच वेळी जोर न लागण्याचा असतो आणि काही भाग सरळ सरळ ढिलाईचा, कारण कोण किती ओढतंय ते दिसत नाही.

दुसरा प्रयोग १९६८ चा, बिब लाताने आणि जॉन डार्ली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा. खोलीत फॉर्म भरत बसलेल्या माणसाच्या खोलीत धूर सोडला. माणूस एकटा असला तर ७५ टक्के लोकांनी बाहेर जाऊन सांगितलं, पण सोबत दोन माणसं मुद्दाम शांत बसवली तेव्हा फक्त १० टक्क्यांनी. धुरात डोळे चोळत बसले पण उठले नाहीत. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपचं हेच होतं. "गेटजवळ पाणी वाया जातंय" असा मेसेज १२० जणांना जातो, १२० जण बघतात की बाकीचे ११९ गप्प आहेत, आणि पाणी जात राहतं.

उपाय साधा आहे, प्रत्येक कामापुढे एकच नाव. दोन नावं लिहिली की दोघेही एकमेकांची वाट बघतात. दुसरं नाव लिहायचंच असेल तर "पहिला बाहेरगावी असेल तर" म्हणून लिहा. आणि ग्रुपवर मेसेज टाकताना कुणालातरी नाव घेऊन टाका, "ताई, आज पाळी तुमची आहे ना, गेटजवळचा नळ बघता का?" आमच्याकडे जिन्यात एक तक्ता लावलेला आहे, महिन्याच्या तारखा आणि त्यापुढे घराचं नाव, ड्रम काढला की त्यावर पेन्सिलने टिक मारायची. पेन्सिल दोऱ्याने बांधलेली आहे, हे बारीक वाटेल पण पेन शोधायला लागलं की टिक होत नाही आणि टिक नाही झाली की पाळी मोडलीये हे चार दिवस कळतच नाही.

एका माणसावर आठवड्याला दोन तासांपेक्षा जास्त भार येत असेल तर समजा की ती व्यवस्था त्या एका माणसावर उभी आहे. तो आजारी पडला की काम बसलं.

नियम, आणि मोडला तर काय

इथे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं काम मला फार मोलाचं वाटतं. अर्थशास्त्रातलं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला, २००९ मध्ये. त्यांच्या आधी बऱ्याच तज्ज्ञांचं म्हणणं असायचं की सामायिक गोष्ट, म्हणजे कुरण, जंगल, पाणी, लोकांच्या हातात दिली की ते ओरबाडून संपवतात, म्हणून एकतर सरकारने ताब्यात घ्या नाहीतर खाजगी करून टाका. ऑस्ट्रॉम यांनी जगभरातली अशी ठिकाणं अभ्यासली जिथे लोकांनीच नियम करून शेकडो वर्षं ती सामायिक गोष्ट टिकवली. स्वित्झर्लंडमधल्या टॉर्बेल गावातला १५१७ चा नियम बघा: हिवाळ्यात आपल्या चाऱ्यावर जितक्या गाई पोसता येतील त्याहून जास्त गाई कुणी उन्हाळ्यात सामायिक कुरणावर पाठवायच्या नाहीत. एका ओळीचा नियम, मोजायला सोपा, आणि गरीब-श्रीमंत सगळ्यांना कळणारा.

नियम करताना हेच बघा. जे पाळणार आहेत त्यांनीच ठरवावेत, पाचापेक्षा जास्त नकोत, आणि मोडला की लांबून दिसला पाहिजे. "स्वच्छता राखावी" हा नियम मोडला की नाही यावरच वाद होईल. "ड्रमचं झाकण उघडं नसावं" यावर वाद होत नाही.

नियम मोडला की थेट दंड नको. ऑस्ट्रॉम यांना टिकलेल्या ठिकाणी दिसलं ते हे, की पहिली शिक्षा अगदी हलकी असते आणि परत परत मोडला तर ती वाढत जाते. पहिल्यांदा नुसतं जाऊन विचारायचं, "काही अडचण आहे का?" कारण बहुतेक वेळा असतेच. दुसऱ्यांदा दोघांनी जाऊन बोलायचं. तिसऱ्यांदा मिटिंगमध्ये विषय. पैशाच्या दंडाबद्दल तर फारच जपून. इस्रायलमध्ये हैफाच्या पाळणाघरांत एक प्रयोग झाला, मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना छोटा दंड लावला, तर उशीर करणारे कमी व्हायच्या ऐवजी वाढत वाढत दुपटीच्या आसपास गेले. आधी शिक्षिकेला थांबावं लागतं याची लाज वाटायची, दंड आल्यावर ती पैसे देऊन मिळणारी सोय झाली, आणि नंतर दंड काढून टाकला तरी लोक परत वेळेवर यायला लागले नाहीत. ही लाज, ही आपुलकी एकदा गेली की परत आणणं अवघड असतं.

पैसा

जितक्या उशिरा गोळा कराल तितकं चांगलं. आधी महिना-दीड महिना बिनपैशाचं काम दाखवा, मग वर्गणी मागा, मग लोक विचारत नाहीत की हे पैसे कुठे जाणार. रक्कम इतकी ठेवा की सगळ्यात कमी कमाई असलेल्या घराला ती देताना अवघड वाटू नये, ज्याला जमत नाही त्याचं श्रमदान वर्गणीच्या जागी धरा आणि हे कुणाचं नाव न घेता करा. एकाकडे पैसे, दुसऱ्याकडे वही, ही दोन माणसं एका घरातली नकोत. प्रत्येक खर्चाची पावती वहीला टाचलेली. महिन्याच्या एक तारखेला जमा, खर्च, शिल्लक एका कागदावर लिहून जिन्यात लावायचं, ज्या महिन्यात शून्य खर्च झाला त्या महिन्यातही लावायचंच. संशय पैसे खाल्ल्याने येतो त्यापेक्षा कागद न लावल्याने जास्त येतो, चांगली चांगली मंडळं मी त्यावरून फुटलेली बघितलीत.

आणि जास्त वर्गणी देणाऱ्याला जास्त आवाज नाही. १८४४ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेलमध्ये विणकर वगैरे २८ कामगारांनी थोडे थोडे पैसे साठवून स्वतःचं दुकान काढलं, जगभरातली सहकारी चळवळ त्यांच्या नियमांवर उभी राहिली, आणि त्यातला एक नियम होता की कुणाचे कितीही पैसे असोत, एका सभासदाला एकच मत.

सरकारशी कसं वागायचं

याचं सगळ्यात स्पष्ट उत्तर मला कराचीच्या ओरंगी वस्तीत दिसतं. १९८० मध्ये अख्तर हमीद खान या समाजकार्यकर्त्यांनी तिथे काम सुरू केलं, मोठी अनधिकृत वस्ती, सांडपाणी उघड्यावर. लोकांचं म्हणणं, सरकारने गटार टाकावी, आणि सरकार टाकत नव्हतं. त्यांनी काम दोन भागात तोडलं. घरातला संडास, गल्लीतली पाईप आणि ती पुढच्या छोट्या नाल्याला जोडणं हे लोकांनी स्वतःच्या पैशाने करायचं, मुख्य नाला आणि सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट सरकारने. एक गल्ली म्हणजे २० ते ४० घरं हे एक युनिट, त्यांनी आपल्यातलाच एक गल्ली-प्रमुख निवडायचा, खान यांच्या संस्थेने फक्त मोजमाप, नकाशा आणि तांत्रिक सल्ला द्यायचा, पैसा नाही. खर्च सरकारी अंदाजपत्रकाच्या कितीतरी खाली आला, आणि पाईप तुंबली तर कुणाला हाक मारायची हे गल्लीला माहीत होतं कारण ती त्यांनीच टाकली होती.

तुमच्या कामाचीही अशी चिरफाड करा. कागदावर मधोमध रेघ मारा, डावीकडे आपण करू शकतो ते, उजवीकडे ज्याला मशीन, कायदा किंवा मोठा पैसा लागतो ते. आमच्या बाबतीत ड्रम, पाळी, पट्ट्याची सफाई डावीकडे, आणि कचरागाडीची वेळ बदलणं, गटारीवरची तुटलेली जाळी उजवीकडे. डावीकडचं पूर्ण करून मग उजवीकडच्यासाठी जा, कारण मग साहेबासमोर बोलताना तुम्ही तक्रार घेऊन जात नाही, अर्धं काम घेऊन जाता.

अर्ज एका पानाचा, एका पानात एकच मागणी. पहिल्या दोन ओळीत काय हवंय, मग तारखांसकट मोजणी, मग आम्ही काय केलंय, मग फोटो, आधीचा आणि आताचा. दोन प्रती न्या, एकीवर तारखेसकट पोच घ्या, पोच नसेल तर तो अर्ज दिलाच नाही असं धरून चाला. पंधरा दिवसांनी परत जा, तीच पोच घेऊन, आणि शक्यतो तीच दोन माणसं, म्हणजे ओळख राहते. भांडू नका आणि हात जोडून उभेही राहू नका, आपला हक्क आहे तो, नीट बोलून मागायचा. कामाचा माणूस खालच्या टेबलावर असतो हेही लक्षात ठेवा, त्याचं नाव विचारा, काम झालं की त्याला येऊन सांगा. आमच्या गाडीची वेळ बदलायला पाच महिने आणि सात फेऱ्या लागल्या. गाळाचे आकडे नसते तर जाळी मिळालीच नसती.

नेते मंडळी येतील. येऊ द्या, सगळ्यांना बोलवा, फक्त बॅनर नको आणि निवडणुकीच्या तोंडावर उद्घाटन नको, हे गटाने आधीच ठरवून ठेवा म्हणजे वेळेवर कुणा एकाला वाईट व्हावं लागत नाही.

भांडणं होणारच

स्पेनमध्ये वालेन्सिया शहरात कालव्याच्या पाण्यावरून शेतकऱ्यांची भांडणं सोडवणारं एक पाणी-न्यायालय आहे. दर गुरुवारी दुपारी कॅथेड्रलच्या दाराबाहेर बसतं, न्याय देणारे शेतकऱ्यांनीच निवडलेले शेतकरी, सगळं तोंडी, वकील नाही, निकाल तिथल्या तिथे. कित्येक शतकं चालू आहे. यातून आपण घ्यायचं ते ठरलेला वार, उघड्यावर आणि लगेच. भांडण साठू देऊ नका, फोनवर लिहून तर अजिबात सोडवू नका, लिहिलेला शब्द माणूस परत परत वाचतो आणि दर वेळी तो जास्त टोचतो. आमच्याकडे महिन्याचा पहिला शनिवार आहे, पंधरा मिनिटं फक्त तक्रारींची. दोन तास चालणारं भांडण पंधरा मिनिटात मिटतं कारण सगळ्यांना माहीत असतं की पुढच्या महिन्यात परत वेळ आहे.

चाळिसावा दिवस

केनियात वांगारी माथाई यांनी १९७७ मध्ये ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली, पुढे २००४ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. खेड्यातल्या बायका रोपवाटिका करायच्या, झाडं लावायच्या, आणि त्यांना थोडे पैसे मिळायचे, पण ते लावलेल्या झाडाचे नाही, जगलेल्या झाडाचे. सगळी गोम या एका अटीत आहे. लावताना फोटो काढण्याऐवजी त्यांनी जगण्याची मोजणी केली, आणि आज ती झाडं कोट्यवधीत मोजतात.

तुम्हीही तसंच करा. उद्घाटनाचा कार्यक्रम पहिल्या दिवशी ठेवू नका, चाळिसाव्या दिवशी ठेवा, आणि ती तारीख पहिल्याच मिटिंगला तक्त्यावर लिहून टाका. त्या दिवशी सगळ्यांना बोलवून दाखवा की हे टिकलंय, आभार नावानिशी माना, ड्रम काढणाऱ्या मावशींचे आधी आणि भाषण करणाऱ्यांचे नंतर. मधल्या दिवसांत पंधराव्या-विसाव्या दिवसाच्या आसपास एक पडझड येते, दोन पाळ्या चुकतात, कुणीतरी म्हणतं "मी म्हटलं नव्हतं का". आमच्याकडे अठराव्या दिवशी झालं. तेव्हा ओरडायचं नाही, त्या दिवशी स्वतः ड्रम काढायचा आणि संध्याकाळी ज्याची पाळी चुकली त्याच्या घरी जायचं. त्या घरात बाळाला ताप होता, एवढंच कारण निघालं. तेव्हापासून तक्त्यावर "बदली" असा एक रकाना आहे.

सहा महिन्यांनी पाळीप्रमुख बदला, सगळं छान चालू असलं तरी. चांगल्या माणसाला काम सोडवत नाही आणि बाकीच्यांना शिकायला मिळत नाही, हे मला स्वतःला अवघड गेलं पण केलं. जाणाऱ्याने येणाऱ्याबरोबर दोन आठवडे एकत्र काम करायचं आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्यायचं: ऑफिसातला कोणता माणूस ऐकतो, किल्ली कुठे असते, कुठल्या घराला कुठली वेळ जमत नाही, जुन्या अर्जांच्या पोचा कुठल्या फाईलला आहेत. दुसरं काम हातात घ्यायचं असेल तर ते याच वेळी, पहिलं तुमच्याशिवाय महिनाभर चाललेलं बघून.

आमची वही गेल्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडे गेली. तिने पहिल्याच आठवड्यात लिहिलंय की भरलेला ड्रम ओढताना आजींच्या हाताला रग लागते, खाली चाकं पाहिजेत. काकांनी जुन्या ट्रॉलीची चार चाकं काढून ठेवलीत, शनिवारी सकाळी बसवायची आहेत आणि त्यापुढे एकच नाव लिहिलंय, तिचं.